तिसरा खण

चाळीस वर्षं सफरचंदं निवडली मी
ह्यूऑन नदीच्या काठी, पॅकिंग शेडमध्ये, सरकत्या पट्ट्यापाशी.
डाग, पाखराची चोच, गारेचा मार.
फळ समोरून सरकेपर्यंतच काय तो निकाल.
त्यामुळे डग टॅटनेलनं
पेनांच्या स्वस्त किटांची पिशवी टेबलावर ओतली
आणि म्हणाला, "विनी, यातलं चांगलं कुठलं, तूच सांग,"
तेव्हा हात आपोआप चालू लागले.

आधी नळी.
पितळेची म्हणतात. चुंबक लावून बघायचा.
चिकटला, तर पितळ नुसतं अंगावरचं.
मग व्हर्नियरच्या चिमटीत दोन्ही टोकं मोजायची.
एकाच नळीची टोकं सख्ख्या भावांसारखी असतात,
म्हणजे सारखी नसतात.

मग मुलामा.
हे लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी सगळ्याच सोन्याच्या.
क्लिप मी एप्रनच्या खिशात टाकते,
चाव्या, सुटे पैसे, एखादा खिळा यांच्या संगतीत,
आणि विसरते.
ईस्टरला टाकलेली जूनच्या थंडीत काढते.

रिफिलबद्दल काही लिहीत नाही.
ती सगळ्यांचीच टाकाऊ.

शेवटी फिरकी.
कानाजवळ धरून फिरवायची.
चांगली असली तर जुन्या कुलपासारखी, एका ठाम शब्दावर थांबते.
वाईट असली तर वाळू चावते.

पांढऱ्या डब्यातली: पहिला खण.
काळ्या टोकाची, जरा सैल पण कामाची: दुसरा.
निळ्या पाकिटातली, दोन डॉलरची: तिसरा.
वहीत शेरा आहे, "टोक आत जात नाही. खिशाला शाई पाजते."
सहा वर्षांत नऊ वेळा तोच शेरा,
माझ्याच अक्षरात, तारखेसकट.

शनिवारी डगची नात आली, कझाया, बारा वर्षांची.
तिसऱ्या खणातलं काहीही घे म्हटलं, तर निळं पाकीट घेतलं.
ह्यूऑन पाइनचा तुकडा लेथवर चढवला
आणि त्या लाकडाचा वास शेडभर झाला,
मधाचा नाही, औषधाचाही नाही, मधलाच कुठला तरी.
मध्ये फार बारीक केलं तिनं, कड्यापाशी जाड ठेवलं.
अजगरानं उंदीर गिळल्यासारखं पेन.
मी काही बोलले नाही.
बोलले, पण हळू.

जोडायची वेळ आली.
पोरीचे दंड म्हणजे काड्या.
व्हाइसचा दांडा तिला एका दमात ओढवेना.
पाव फेरी. थांबणं. काढून टोक बघणं.
परत पाव फेरी.
मी म्हटलं, "ओढ की एकदाचं, खाचेपर्यंत.
ती रेघ दिसतेय ना फिरकीवर? तिथवर."
ती म्हणाली, "पण टोक तर आलंय बाहेर. अजून कशाला?"

फिरवलं तिनं.
टोक आत गेलं.
फिरवलं. बाहेर आलं.
आत.

मी पेन हातात घेतलं, चष्मा वर केला.
खाच अजून तीन मिलिमीटर लांब होती.
फिरकी खरी होती, तिच्यावरची रेघ खोटी.
आणि मी नऊ वेळा त्या रेघेपर्यंत ओढून
नऊ वेळा म्हटलं होतं, अंगण वाकडं.

डग चहा घेऊन आला. "काय गं, भूत बघितलंस?"
"नाही," म्हटलं, "साखर कमी आहे."

त्या सफरचंदांचा विचार मी करत नाही,
पट्ट्यावरून डावीकडे ढकललेल्या.
त्यांचा रस झाला. कुणी तरी प्यालं.

वही काढली. कझायाकडं तिचं पेन मागितलं.
नाही दिलं. शाळेत दाखवायचंय म्हणे.
मग पेन्सिलीनंच नऊ शेरे खोडले
आणि खाली लिहिलं:
खाचेवर विश्वास ठेवू नये. हळू दाबावं. बघावं.

क्लिप मात्र भिकारच आहे,
मेमध्येच काळी पडली.
ते मी खोडलेलं नाही.